ग्रुओ, रने

(४ फेब्रुवारी १९०९ – ३१ मार्च २००४). विसाव्या शतकाच्या मध्यकाळातील एक अग्रगण्य फ्रेंच वेशचित्रकार व जाहिरातचित्रकार. मूळ नाव रेनातो त्साव्हाग्ली रिच्चार्देल्ली देल्ले कामिनाते. त्याचा जन्म इटलीतील रीमिनी येथे एका सरदार घराण्यात झाला. वडील इटालियन व आई मारिया ग्रुओ ही फ्रेंच. आईवडील विभक्त झाल्यानंतर तो आईजवळ वाढला व पुढे तिचेच कुलनाम त्याने धारण केले. वास्तुशिल्पज्ञ व्हावे अशी त्याची प्रारंभी इच्छा होती. तथापि विशी ओलांडण्यापूर्वीच त्याची रेखाचित्रे नियतकालिकांतून प्रसिद्ध होऊ लागली आणि चरितार्थासाठी त्याने हाच व्यवसाय पतकरला. १९३० नंतरच्या दशकात तो पॅरिसमध्ये स्थायिक झाला. फेमिना, मारी-क्लेअर, ल फिगारो इ. नियतकालिकांसाठी त्याने पोशाखांची चित्रे काढली. त्याच काळात पोशाखांची रेखाटने विकून उपजीविका करणाऱ्या क्रिस्त्याँ दियॉर (१९०५–५७) याच्याशी त्याची मैत्री जुळली. पुढे दियॉर वेशकल्पक म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि ग्रुओ त्याच्या कल्पनांचा प्रमुख चित्रकार ठरला. या सहकार्यातून निर्माण झालेली चित्रे, विशेषतः १९४७ ते १९४९ या काळातील, वेशचित्रणाच्या इतिहासात मानदंड मानली जातात.

वेशचित्र ही उपयोजित कलेची एक शाखा होय. तिचे दोन प्रकार संभवतात. पहिला प्रकार वेशकल्पकाच्या कच्च्या रेखाटनाचा. हे चित्र कापडाच्या आधी जन्मते. ते शिवणाऱ्यासाठी असते. दुसरा प्रकार प्रसिद्धीसाठी काढलेल्या चित्राचा. हे पोशाख शिवून झाल्यानंतर जन्मते; ते पाहणाऱ्यासाठी असते. पहिले चित्र सूचना देते, दुसरे मोह घालते. त्यामुळे दोहोंच्या मूल्यमापनाच्या कसोट्याही भिन्न आहेत. पहिल्या चित्राची कसोटी अशी, की त्यावरून कातर कोठे चालवावी हे कळले पाहिजे. दुसऱ्याची कसोटी इतकी सरळ नाही. ते पोशाखाशी प्रामाणिक असावे, की पोशाखामागील कल्पनेशी, हा प्रश्न वेशचित्रणाच्या समीक्षेत वारंवार उपस्थित होतो व ग्रुओच्या चित्रांपुढे तो सर्वांत तीव्रतेने उभा राहतो.

फ्रान्समध्ये या कलेला मोठी परंपरा होती. पोल प्वारे या वेशकल्पकाने आपल्या पोशाखांची चित्रे पोल इरीब (१९०८) व झॉर्झ लपाप (१९११) यांच्याकडून काढवून घेऊन ती संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये ल्युस्याँ व्होझेल याने सुरू केलेल्या गाझेत द्यू बाँ ताँ या नियतकालिकात कातरलेल्या साच्यांतून हाताने रंग भरून तयार केलेली वेशचित्रे छापली जात. जपानी काष्ठठसाचित्रांतील सपाट रंगक्षेत्रे, ठाशीव बाह्यरेषा व मोकळा अवकाश यांचा या पिढीवर प्रभाव होता. तथापि छायाचित्रण जसजसे प्रगत होत गेले, तसतशी वेशचित्राची जागा आक्रसू लागली. जुलै १९३२ मध्ये व्होग नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर एडवर्ड स्टायकेन याचे रंगीत छायाचित्र आले, तेव्हाच भावी बदलाची चाहूल लागली होती. ग्रुओच्या उमेदवारीचा काळ तो हाच. कापडाचा पोत, शिवण, गुंड्या यांची बारकाईने नोंद करण्याचे काम छायाचित्र अधिक अचूकपणे करू शकत होते. चित्रकाराने मग काय करावे? ग्रुओचे उत्तर असे, की छायाचित्राला जे गाळता येत नाही, ते गाळावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या वेशव्यवसायापुढे कापडाच्या टंचाईचे संकट होते. मार्च १९४५ मध्ये लूव्हर येथील पाव्हियाँ द मार्सां या दालनात ‘थेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन भरविण्यात आले. त्यात मानवी उंचीच्या सुमारे एक तृतीयांश आकाराच्या तारेच्या बाहुल्यांना नामांकित वेशकल्पकांचे पोशाख घातले होते. पूर्णाकृती पोशाखांना पुरेल इतके कापड नव्हते, म्हणून ही योजना. या बाहुल्यांना मांसल शरीर नव्हते. केवळ तारेची बाह्यरेषा होती. टंचाईतून जन्मलेली ही कल्पना व ग्रुओची शैली यांत एक साधर्म्य दिसते. दोहोंतही शरीर रेषेने सुचविले जाते आणि रेषेच्या आतला भाग रिकामा असतो.

दियॉरने मार्सेल बुसाक या वस्त्रोद्योगपतीच्या भांडवलावर १९४६ मध्ये आपली संस्था उभारली व १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमधील आव्हेन्यू मोंतेन्यवरील तीस क्रमांकाच्या इमारतीत पहिले प्रदर्शन भरविले. गोलसर खांदे, उठावदार उरोभाग, अत्यंत बारीक कंबर व तीखाली फुलासारखा उमलणारा लांब, घेरदार स्कर्ट हे त्यातील पोशाखांचे विशेष होत. प्रदर्शनातील एका रचनेला दियॉरने ‘कॉरोल’ म्हणजे फुलाचा दलपुंज असेच नाव दिले होते. हार्पर्स बझार या अमेरिकन नियतकालिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या उद्‌गारावरून ही शैली ‘न्यू लुक’ म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे प्रतीक ठरलेला पोशाख म्हणजे ‘बार’. यात फिकट हस्तिदंती रंगाचे रेशमी शांटुंगचे जाकीट व काळ्या लोकरीचा चुणीदार स्कर्ट होता.

दियॉरची कार्यपद्धती प्रस्तुत संदर्भात लक्षणीय आहे. प्रत्येक हंगामापूर्वी तो एकांतात बसून शेकडो लहान रेखाटने काढी, त्यांतून काही निवडी व ती शिवणगृहांच्या प्रमुखांकडे सोपवी. त्या बरहुकूम प्रथम साध्या कापडाचे नमुने बेतले जात व नंतरच मूळ कापडाला कातर लागे. दियॉरची ही रेखाटने झटपट काढलेली असून त्यांत चेहऱ्याला महत्त्व नसते. खांद्याचा उतार, कमरेची जागा व स्कर्टची लांबी एवढेच ती सांगतात. त्यांत चुका सुधारायला वाव असतो, कारण त्यांच्यापुढे अजून बरेच काम शिल्लक असते. ग्रुओचे चित्र या साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे आहे. त्याच्यापुढे काहीही शिल्लक नसते. म्हणून त्याची रेषा अंतिम निर्णयासारखी उमटते.

ग्रुओ प्रायः काळी शाई व अपारदर्शी जलरंग वापरी. त्याची बाह्यरेषा एकसारख्या जाडीची नसते. कुंचल्यावरचा दाब वाढताच ती रुंदावते व वळणावर केसाइतकी बारीक होते. या जाड-बारीकपणातूनच कापडाचे वजन, त्याची घडी व अंगाचा झोक व्यक्त होतो; त्यासाठी छायाप्रकाशाची वेगळी योजना तो करीत नाही. काळा, पांढरा व लाल हे त्याचे आवडते रंग. पांढरा हा पुष्कळदा रंग नसून कागदाचा कोरा भाग असतो. पाठीमागे खोली, उपकरणे वा रस्ता जवळजवळ नसतो. तूलूझ-लोत्रेकच्या भित्तिपत्रकांतील धीट आकृती व जपानी चित्रांतील मोकळा अवकाश यांचा वारसा येथे स्पष्टपणे जाणवतो. दियॉरच्या पोशाखांच्या चित्रांत खांद्यापासून कमरेपर्यंत व कमरेपासून स्कर्टच्या घेरापर्यंत जाणारी रेषा एका दमात ओढल्यासारखी भासते. पोशाखाची कल्पना मुळातच रेषेची होती. त्यामुळे ती इतक्या सहजतेने दुसऱ्या कोणत्याही माध्यमात उतरली नसती, असे या चित्रांकडे पाहून वाटते.

तथापि येथेच या चित्रांची मर्यादाही दिसून येते. ‘बार’चा आकार नैसर्गिक नव्हता. जाकिटाचा खालचा भाग आतून भरणी घालून फुगविलेला होता. अशा पोशाखांखाली कंबर आवळणारी अंतर्वस्त्रेही घालावी लागत. प्रत्यक्ष पोशाख म्हणजे भरणी, अस्तर, टाके व ताण यांनी सिद्ध केलेले एक बांधकाम होते. ग्रुओच्या रेषेत हे बांधकाम पूर्णपणे लुप्त होते. जे आकार शिवणगृहातील अनेक हातांनी परिश्रमपूर्वक साधले, ते चित्रात सहजप्राप्त वाटतात. जी कंबर आवळून मिळवावी लागे, ती निसर्गदत्त भासते. दियॉरच्या रेखाटनात निदान पुढील श्रमांची अपेक्षा तरी असते. ग्रुओच्या चित्रात श्रमाची आठवणही नसते.

हा आक्षेप केवळ तांत्रिक नाही. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये अन्नधान्याची टंचाई होती व ब्रिटनमध्ये कपड्यांचे नियंत्रित वाटप चालू होते. ते १९४९ मध्ये संपले. अशा काळात घेरदार स्कर्टसाठी मोठ्या प्रमाणावर कापड खर्ची घालणे अनेकांना असह्य झाले. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील बाजाराच्या रस्त्यावर या पोशाखांचे छायाचित्रण चालू असता संतप्त स्त्रियांनी ते घातलेल्या युवतींचे कपडे फाडल्याची घटना त्याच वर्षी घडली. अमेरिकेतही लांब स्कर्टविरुद्ध स्त्रियांनी निदर्शने केली. उलटपक्षी, युद्धकाळातील आखूड, चौकोनी खांद्यांच्या, गणवेशासारख्या कपड्यांना कंटाळलेल्या असंख्य स्त्रियांनी या शैलीचे मनापासून स्वागत केले, हेही खरे. ग्रुओच्या चित्रांत या वादाचा मागमूस नाही. कागदावर घेर कितीही वाढविला तरी कापड लागत नाही. ही रेषेची मुभा आहे आणि तिचा नैतिक प्रश्नही तोच आहे.

या प्रश्नाचे उत्तर ग्रुओच्या ज्या चित्रांत सापडते, ती पोशाखाची चित्रे नव्हेत, ही लक्षणीय गोष्ट होय. दियॉरने १९४७ मध्ये पोशाखांबरोबरच ‘मिस दियॉर’ हे सुगंधी द्रव्य बाजारात आणले व त्याच्या जाहिरातीचे काम ग्रुओवर सोपविले. ग्रुओने कुपी रंगविली नाही, ती हातात घेतलेली सुंदरीही रंगविली नाही. त्याने एक पांढरा राजहंस काढला; त्याच्या गळ्यात मोत्यांचा सर व काळ्या फितीची गाठ. हंसाची वळणदार मान येथे स्त्रीच्या मानेची व पर्यायाने संपूर्ण ‘न्यू लुक’ शैलीची जागा घेते. गंध डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्याचे यथार्थ चित्रण करण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही व गाळण्याची जी सवय पोशाखाच्या चित्रात सत्याला बाधा आणते, ती येथे पूर्णतः समर्थनीय ठरते.

यापुढचे पाऊल म्हणजे १९४९ मधील त्याच सुगंधी द्रव्याचे जाहिरातचित्र. मध्यशतकातील वेशचित्रणातील ही एक श्रेष्ठ कृती होय. बिबट्याच्या पंजावर स्त्रीने ठेवलेला हात, एवढाच या चित्राचा विषय. स्त्री दिसत नाही व बिबट्याही दिसत नाही. हात व पंजा यांच्या भेटीवरच सारी आशयसूचकता अवलंबून आहे. दियॉरची निकटची सहकारी मित्झा ब्रिकार हिला बिबट्याच्या कातड्याची नक्षी विशेष प्रिय होती व चित्रकल्पनेचे मूळ तिच्यात असल्याचे मानले जाते. परंतु हा संदर्भ ठाऊक नसला तरी चित्राच्या आस्वादात न्यून राहत नाही. हाताची सलग, निष्कलंक त्वचा व पंजावरील ठिपके यांतील विरोध. नाजूकपणा व सुप्त सामर्थ्य यांचा समतोल. आणि कोण कोणाला आवरत आहे याविषयीची अनिश्चितता, ही या चित्राची बलस्थाने होत. यातील स्त्री शोभेची वस्तू नाही. ती अदृश्य असूनही श्वापदाशी बरोबरीच्या नात्याने वागते. न्यू लुक शैलीतील स्त्री घेरदार वस्त्रांनी जखडलेली व परावलंबी आहे, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. त्या आक्षेपाला या चित्राने दिलेले उत्तर कोणत्याही पोशाखाच्या चित्राहून अधिक समर्थ आहे आणि ते देताना चित्रकाराला एक वावही कापड रंगवावे लागलेले नाही.

त्याच वर्षी ‘रूज बेझे’ या ओठरंगासाठी ग्रुओने काढलेले चित्र याच तत्त्वावर आधारलेले आहे. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला स्त्रीचा चेहरा व लाल ओठ, एवढेच त्यात दिसते. विक्रीची वस्तू ओठांवरील रंग हीच असल्याने डोळे झाकणे हा केवळ चमत्कृतीचा भाग राहत नाही; पाहणाऱ्याची नजर जिथे जायला हवी तिथे ती जाते. तथापि डोळे बांधलेली स्त्री पाहणाऱ्याकडे पाहू शकत नाही. ती केवळ पाहिली जाते. हात व पंजा यांच्या चित्रातील परस्परभाव येथे नाही. त्यामुळे परिणामाच्या दृष्टीने अधिक अचूक असूनही आशयाच्या दृष्टीने हे चित्र दुय्यम वाटते.

‘मिस दियॉर’ हे नाव दियॉरची धाकटी बहीण कातरीन हिच्यावरून पडले, असे सांगतात. फ्रान्समधील जर्मनविरोधी भूमिगत चळवळीत भाग घेतल्याबद्दल तिला १९४४ मध्ये अटक होऊन राव्हेन्सब्रूक येथील बंदिछावणीत पाठविण्यात आले होते. तेथून ती १९४५ मध्ये परतली व पुढे तिने फुलांचा व्यवसाय केला. राजहंस वा पंजा यांकडे पाहताना हा इतिहास कोणाच्या मनात येत नाही व जाहिरातीकडून तशी अपेक्षाही नसते. मात्र गाळणे हे ग्रुओच्या कलेचे मर्म असल्यामुळे, काय गाळले गेले याची नोंद ठेवणे हे समीक्षेचे काम ठरते. या चित्रांतील निर्मळ पांढरा अवकाश ज्या काळात कोरा सोडला गेला, तो काळ निर्मळ नव्हता.

छायाचित्राशी तुलना केली असता ग्रुओचे सामर्थ्य व मर्यादा अधिक स्पष्ट होतात. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हडन याने पॅरिसच्या हिवाळी सर्कशीत डोव्हिमा या प्रतिरूपिकेचे दियॉरगृहाच्या सायंकालीन पोशाखातील छायाचित्र हत्तींसमवेत घेतले. तो पोशाख दियॉरचा तत्कालीन तरुण साहाय्यक ईव्ह सँ लोराँ याने कल्पिलेला होता. श्वापदाच्या सान्निध्यात नाजूक स्त्री ही कल्पना येथेही आहे. परंतु या छायाचित्रात हत्तींच्या कातडीच्या सुरकुत्या दिसतात आणि त्यांच्या पायांतील साखळ्याही दिसतात. छायाचित्रकाराने दृश्य योजले, तरी साखळी ही दृश्याचा भाग म्हणून राहिली व पाहणाऱ्याला तिच्याविषयी विचार करणे भाग पडले. ग्रुओच्या बिबट्याला साखळी नाही. तो कोणत्याही सर्कशीतला नाही. तो केवळ कल्पनेतला आहे. कल्पनेची शुद्धता रेखाचित्रात मिळते, वस्तुस्थितीची साक्ष छायाचित्रात. दोहोंपैकी एकाला निर्विवाद श्रेष्ठ ठरविता येत नाही. मात्र नियतकालिकांनी १९५० नंतर साक्षीच्या बाजूने कौल दिला व वेशचित्रकारांची पाने कमी होत गेली.

ग्रुओ या बदलातून तरला, याचे कारण त्याच्या कलेचा मोहरा आधीच पोशाखाकडून सुगंधाकडे वळला होता. अमेरिकेत हार्पर्स बझार, तसेच अल्पायुषी फ्लेअर (१९५०–५१) या नियतकालिकांसाठी त्याने काम केले. इंटरनॅशनल टेक्स्टाइल्स या वस्त्रव्यवसायाच्या नियतकालिकाची मुखपृष्ठे तो अनेक दशके काढीत होता. फेदेरीको फेल्लीनी याच्या ला दोल्चे व्हीता (१९६०) या चित्रपटासाठी व पॅरिसमधील लिदो, मूलँ रूज या रंगगृहांसाठी त्याने भित्तिपत्रके केली. ‘दियॉरिसिमो’ (१९५६) व पुरुषांसाठीचे ‘ओ सोव्हाज’ (१९६६) या सुगंधी द्रव्यांच्या जाहिराती विशेष गाजल्या. ‘ओ सोव्हाज’च्या चित्रांतून त्याने स्नानानंतरच्या निवांत क्षणीचा पुरुष खेळकरपणे रंगविला, पुरुषाच्या देहाकडे विनोदाने व कौतुकाने पाहण्याची ही दृष्टी त्या काळच्या जाहिरातकलेत नवी होती. तारकाचिन्हासह केलेली त्याची ठसठशीत स्वाक्षरी ही त्याच्या चित्ररचनेचाच एक घटक असे. रोम येथे त्याचे निधन झाले. त्याच्या कलाकृतींचा मोठा संग्रह रीमिनी येथील नगर-संग्रहालयात आहे. दियॉरगृहासाठी त्याने केलेल्या चित्रांचे विशेष प्रदर्शन लंडनमधील सॉमरसेट हाउस येथे २०१०–११ मध्ये भरविण्यात आले होते.

ग्रुओच्या कलेचे मूल्यमापन करताना तिला केवळ जाहिरात म्हणून बाजूला सारणे जितके चुकीचे, तितकेच तिच्या उपयोजित स्वरूपाकडे दुर्लक्ष करून तिला शुद्ध चित्रकलेत बसविणेही चुकीचे ठरेल. त्याची रेषा विक्रीसाठी होती व विक्रीच्या गरजेनेच ती इतकी नेमकी झाली. रस्त्यावरून जाणारा माणूस भित्तिपत्रकापुढे क्षणभरच थांबतो; तेवढ्या वेळात जे पोहोचणार नाही ते गाळलेच पाहिजे, ही शिस्त त्याला व्यवसायाने शिकविली. पोशाखाच्या चित्रांत या शिस्तीने शिवणाऱ्या हातांना व आवळलेल्या देहाला दृष्टिआड केले, हा तिचा दोष मान्य करावा लागतो. तेथे चित्राने वस्तूविषयी एक आश्वासन दिले व ते पाळण्याचा भार इतरांवर टाकला. परंतु जेथे दाखविण्यासारखी वस्तूच नव्हती, तेथे हीच शिस्त निर्दोष ठरली. पंजावर विसावलेला तो हात कोणत्याही वस्त्राविषयी असत्य सांगत नाही. वस्त्रे ज्या आत्मविश्वासासाठी घातली जातात, त्याच्याविषयी मात्र पुष्कळ काही सांगतो. वेशचित्राने गाठलेली ही उंची वेश वगळूनच गाठली जावी, यात या कलाप्रकाराचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही सामावलेली आहेत.